दोन टाक्या, एक काटा

गेल्या बुधवारी खजरान्याच्या गणपतीच्या दारात मी गाडी बंद पाडली. अगदी दारात नाही. हार-प्रसादाची दुकानं संपतात तिथे, कडुनिंबाच्या सावलीत. दर्शन झालं, शैला लाडवांचा पुडा मांडीवर घेऊन बसली, मी किल्ली फिरवली आणि गाडी नुसती खोकली. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकली. शैलानं माझ्याकडे पाहिलं. शैला माझी बायको. आमच्या लग्नाला आता इतकी वर्षं झालीत की तिला बोलावं लागत नाही, पाहिलं तरी पुरतं.

“गॅस फुल आहे,” मी म्हणालो.

खोटं नव्हतं. माझी गाडी गॅसवर चालते. स्टिअरिंगच्या बाजूला एक बटण आहे, त्यावर चार हिरवे दिवे. चारही दिवाळीसारखे जळत होते. मी उतरून बॉनेट उघडलं. बॉनेट उघडल्यावर आत नेमकं काय बघायचं असतं हे मला या वयातही माहीत नाही. पण ते उघडून कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की माणूस प्रयत्न करतोय असं दिसतं. आणि इंदुरात असं उभं राहिलं की फार वेळ एकटं राहता येत नाही. एक जण म्हणाला, “बैटरी गई भिया.” दुसरा म्हणाला, “गर्मी में ऐसाइच होता है, थोड़ा ठंडा होने दो.” तिसऱ्याला घाई होती, तो नुसता च् च् करून गेला. मी प्रत्येकाला बजावत होतो, गैस फुल है.

शैलानं आतूनच विचारलं, “अहो, हा दुसरा काटा अगदी तळाला का टेकलाय?”

तो पेट्रोलचा काटा. या गाड्या धावतात गॅसवर, पण सुरू होतात पेट्रोलवर. गाडी विकणाऱ्यानं मला हे परोपरीनं समजावलं होतं आणि मीही मान डोलावली होती. पण चार हिरवे दिवे समोर असताना एका गरीब पांढऱ्या काट्याकडे कोण बघतं? गेले कित्येक दिवस मी दिवे बघून खूश होतो आणि काटा थेंबाथेंबानं खाली चालला होता.

गाडी तिथेच सोडून आम्ही रिक्षा केली. रिक्षात शैला एवढंच म्हणाली, “अगदी अण्णांचे चिरंजीव शोभता.”

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन काही वर्षं झाली, पण दर उन्हाळ्यात ते आमच्या घरी परत येतात. त्याला कारण आमच्या स्वयंपाकघरातला काटा. ओट्याच्या वर, कॅलेंडरच्या शेजारी, भिंतीवर मोटारीतला एक जुना पेट्रोलचा मीटर बसवलेला आहे. एका टोकाला रिकाम्याचा इ, दुसऱ्या टोकाला भरलेल्याचा एफ, अशी इंग्रजी अक्षरं. त्याच्या खाली काळ्या मुठीचा, वळवायचा एक स्विच. मूठ वर केली की काटा गच्चीवरची नर्मदेच्या पाण्याची टाकी दाखवतो, खाली केली की बोरिंगची. इंदुरात घरोघर पाणी असं दोन जातींचं असतं: पिण्याचं नर्मदेचं, बाकी सगळं बोरिंगचं. उन्हाळा चढला, नर्मदेचा नळ एक दिवसाआड यायला लागला, की घरात येणाऱ्या प्रत्येकाची नजर त्या काट्याकडे जाते आणि मग पाहुणे विचारतात, हे काय? मग मी खुर्ची ओढतो आणि सांगायला बसतो. शैला तेवढ्यात चहा करून, भांडी घासून, कपडे वाळत घालून येते. माझी गोष्ट घाटात असते.

ती गोष्ट एका लगनसऱ्याची, म्हणजे लग्नाच्या हंगामाची आहे.

त्या साली आमची मिल बंद पडली होती. ‘आमची’ म्हणायचं, कारण जुन्या इंदुरात आमच्या गल्लीत जवळपास प्रत्येक घरातलं कुणीतरी कुठल्या ना कुठल्या मिलमध्ये होतं आणि सगळेच ‘आमची मिल’ म्हणत. कुणी सांगितलं नाही की कायमची बंद झाली. आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, मग गेटावर कुलूप दिसलं आणि त्याला ‘सध्या’ हा शब्द चिकटला. सध्या बंद आहे. त्या ‘सध्या’वर आमची गल्ली पुढे बराच काळ जगली.

पहिल्यांदा गेला तो भोंगा. तोवर घरातलं घड्याळ शोभेचं होतं. आई भोंग्यावर भात टाकायची. भोंगा थांबल्यावर कितीतरी दिवस आमच्या घरी भात कधी करपला, कधी कच्चा राहिला. आई चिडून म्हणायची, “एवढी मोठी मिल, बंद करा पण भोंगा तरी वाजवा!” त्याच दिवसांत रेडिओवर, वर्तमानपत्रात एक नवा शब्द यायला लागला, उदारीकरण. अण्णांनी तो पेपरात वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “उदार कोण होणार आहे आणि कुणाशी?” मी तेव्हा कॉलेजात होतो, आमच्या सरांनी तास घेऊन समजावलं होतं, म्हणून मी उत्तर द्यायला गेलो. अण्णा पूर्ण ऐकून म्हणाले, “अच्छा. म्हणजे आपल्याशी नाही.” गच्च्यांवर ताटाएवढ्या नाही, परातीएवढ्या टीव्हीच्या छत्र्या उगवत होत्या, त्यांच्या तारा गल्लीवरून या घरातून त्या घरात जात होत्या, आणि त्या तारांच्या खाली, अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, असे मिलचे लोक रोज सकाळी मिलच्या गेटापर्यंत चालत जाऊन परत येत होते. अण्णाही जायचे. डबा गेटावरच्या झाडाखाली खायचा आणि घरी यायचं. आईनं एकदा म्हटलं, घरीच जेवा की. अण्णा म्हणाले, “हजेरी लावावी लागते.” कुणाकडे, ते आईनं विचारलं नाही.

आईची स्वतःची एक पद्धत होती. सकाळी उठली की फळीवरचे डबे ती बोटाच्या पेरानं ठोकायची. भरलेला डबा दबक्या आवाजात बोलतो, रिकामा खणखणतो. त्या उन्हाळ्यात सकाळची झोप मोडायची ती या आवाजानं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं की तांदूळ आहे, डाळ तळाशी आहे, साखर बोलायला लागली आहे. अण्णा विचारायचे, “काय लागेल ते सांगत जा, सगळं आहे आपल्याकडे.” आई म्हणायची, “हो.” आणि पुढचा डबा ठोकायची.

अण्णा मिलच्या बिजली खात्यात होते. त्यांचे मित्र कन्हैयालालजी फिटर खात्यात. मिलमध्ये खातं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. कताई, बुनाई, बिजली, फिटर, प्रत्येक खात्याची आपली हद्द, आपली हत्यारं, आपली इज्जत. दुसऱ्याच्या खात्यातल्या यंत्राला हात लावला तर ते मदत म्हणून धरलं जात नसे, अपमान म्हणून धरलं जाई. वायर दिसली तर फिटर दोन पावलं मागे सरणार, पाईप दिसला तर बिजलीवाला. या शिस्तीत दोघांची उमर गेली होती.

कन्हैयालालजींनी कुठूनतरी एक जुनी पांढरी अँबेसेडर मिळवली. लगनसऱ्यात नवरदेवाच्या गाडीला मागणी असते, आणि मिल उघडेपर्यंत चालवू, असा विचार. “अण्णाजी, अपन दोनों की गाड़ी. मैं चलाऊँगा, आप बाजू में बैठना.” अण्णांनी विचारलं, “बाजूला बसून मी काय करू?” कन्हैयालालजी म्हणाले, “बिजली खाता!”

त्याच आठवड्यात सांवेर रोडवरून निरोप आला. पंख्यांच्या मोटारी बनवणारा एक कारखाना होता, त्यांना वायरिंगचा जाणकार माणूस हवा होता. मालकाचा मुलगा माझ्याहून थोडाच मोठा; ओळखीच्या कुणीतरी अण्णांचं नाव सुचवलं होतं. पगार होता, महिन्याच्या महिन्याला. निरोप आणणाऱ्यानं सांगितलं, आखातीजपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट बघतील, नंतर दुसरा माणूस घेतील. अण्णा म्हणाले, “बघू.” आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, “बघू म्हणजे काय रे?” मला काय माहीत? मी अर्थशास्त्र शिकत होतो.

अण्णांची अडचण आम्हाला समजायला वेळ लागला. सांवेर रोडला नाव लागलं, आणि उद्या मिल उघडून हजेरीला नाव पुकारलं, तर? गेटावरून परत आल्यावर ते रोज काहीतरी बातमी आणायचे. दिल्लीहून कुणी येणार आहे. एक व्यापारी बघून गेला. बॉयलर साफ करायला माणसं लावणार आहेत. या बातम्या सांगताना त्यांचा चेहरा भरलेला असायचा. आई ऐकायची आणि कॅलेंडरवर आखातीजच्या चौकोनाकडे बघायची.

आणि अशा दिवसांत अण्णांनी दुसरी टाकी बसवायला घेतली.

कारण बरोबर होतं. लग्नाची वऱ्हाडं घाटाखाली निमाडात लांब लांब जायची, तिकडे पंप विरळ, असले तरी ‘माल नी है’ची पाटी. गाडीच्या मूळ टाकीचं पोट लहान. म्हणून भंगार बाजारातून तसल्याच गाडीची दुसरी टाकी आणून डिक्कीत बसवायची. टाकी, पाईप आणि दोन टाक्यांमधून निवड करणारा पितळी नळ, हे काम फिटर खात्याचं. तो नळ कन्हैयालालजींनी आपल्या सीटखाली बसवला. आडवा केला की इंजिन पहिली टाकी पिणार, उभा केला की दुसरी.

राहिला काटा. समोर मीटर एकच आणि टाक्या दोन. कन्हैयालालजी म्हणाले, “दो कांटे लगा दो, झंझट खतम.” अण्णांना ते पटलं नाही. ते म्हणाले, “गाडी आहे की पंचायत? काटा एकच राहील.” आणि त्यांनी मला बसवून समजावलं. काट्याला स्वतःला काही कळत नाही. टाकीत पितळेचा एक पोकळ फ्लोट तरंगत असतो; पेट्रोल उतरलं की तो उतरतो, आणि त्याच्या दांड्यावरून तारेतली वीज कमी-जास्त होते. काटा त्या तारेचं ऐकतो. तार एका टाकीची जोडली तर तिचं ऐकेल, दुसरीची जोडली तर तिचं. मग मधे एक स्विच टाकायचा, झालं. मूठ वर, पहिली टाकी. मूठ खाली, दुसरी.

स्विचही भंगार बाजारातच मिळाला. काळ्या मुठीचा, जड, वळवला की पोटातून ‘खट्’ असा समाधानी आवाज करणारा. मी म्हणालो, “अण्णा, हा तर मिलमधल्यासारखाच आहे.” अण्णांनी तो उलटून पालटून बघितला, बराच वेळ. मग म्हणाले, “आपल्यासारखा आहे. आपला नाही.” आणि फडक्यात गुंडाळला.

चैत्र संपत आला होता. गल्लीत ऊन असं पडायचं की सावल्यासुद्धा भिंतीला चिकटून चालायच्या. खसच्या पडद्यावर मारलेल्या पाण्याचा वास, आईच्या पन्ह्याचा वास, आणि त्यात पेट्रोलचा गोडसर, डोकं धरणारा वास. दोन मोठी माणसं गाडीखाली पाय बाहेर काढून पडलेली. कुठले पाय कुणाचे ते फक्त चपलांवरून कळायचं. सोल्डरचा निळा धूर, आणि त्यामागून अण्णांचा आवाज, “कन्हैयालालजी, ज़रा हात हटाइए, यह मेरा खाता है.” “हओ साब, आपका ही है, म्हारो कई काम!” मिल बंद झाल्यापासून मी अण्णांना इतकं आनंदात बघितलं नव्हतं. काम झालं तेव्हा त्यांनी आईला ओढून गाडीत बसवलं आणि स्विच फिरवून दाखवला. खट्. काटा अर्ध्यावर. खट्. काटा तरंगत एफवर. आई म्हणाली, “छान आहे.” मग विचारलं, “आखातीजला किती दिवस राहिले?”

आखातीजला मालव्यात इतकी लग्नं असतात की बँडवाले एका वरातीचं गाणं दुसऱ्या वरातीत जाऊन संपवतात. आमच्या गाडीला निमाडातल्या एका गावाला जायचं होतं. चालवायला कन्हैयालालजी, बाजूला अण्णा, मागे झेंडूच्या माळांमध्ये सेहरा घातलेला नवरदेव, त्याच्या एका बाजूला त्याचे जीजाजी आणि दुसऱ्या बाजूला मी. माझं तिथे काम काही नव्हतं. मी जेवणाच्या आशेनं गेलो होतो. निमाडातल्या लग्नातल्या दालबाटीबद्दल मी बरंच ऐकून होतो. वऱ्हाडाची बस पहाटेच पुढे गेली होती.

मानपूरचा घाट उतरलो. खाली निमाड म्हणजे तवाच. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, त्यांच्यावर हवा थरथरत होती. काटा एफवर, जीजाजींचे विनोद चालू, आणि गाडीनं दोन आचके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

जीजाजींनी पहिला प्रश्न तोच विचारला जो कुणीही विचारेल. “पेट्रोल तो है ना?”

“फुल है!” दोघं एकदम म्हणाले.

पुढे जे झालं ते फक्त मिलच्या माणसांच्याच हातून होऊ शकतं. काटा फुल म्हणत होता, आणि काटा बिजली खात्याचा. तेव्हा कन्हैयालालजींच्या मनात शंका येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्याच्या खात्यावर शंका कशी घ्यायची? आणि नळ फिटर खात्याचा, तो योग्य जागी असणारच, तेव्हा अण्णांनी सीटखाली वाकून बघणं म्हणजे मित्राचा अपमान. म्हणून त्यांनी बाकी सगळं बघितलं. प्लग काढले, पुसले, लावले. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. प्रत्येक वायर अण्णांनी तपासली, प्रत्येक नट कन्हैयालालजींनी. “आपकी तरफ से ठीक?” “बिलकुल. आपकी?” “एकदम.” इतक्या सभ्यतेनं बंद पडलेली गाडी मी पुन्हा पाहिली नाही.

मुहूर्त जवळ येत होता. नवरदेवाच्या सेहऱ्यातली फुलं मान टाकायला लागली. जीजाजींचे विनोद संपले. शेवटी एक ट्रॅक्टर आला, त्याच्या ट्रॉलीत भुशाची पोती होती. जीजाजींनी नवरदेवाला त्या पोत्यांवर चढवलं, स्वतः चढले आणि वरून म्हणाले, “अण्णाजी, आपकी गाड़ी को आराम करने दो, भोत थक गई है बिचारी.” नवरदेव पोत्यांवर बसून, सेहरा सावरत, उन्हात लहान लहान होत गेला. त्याच्याबरोबर माझी दालबाटीही गेली.

मग कन्हैयालालजींनी इंजिनाजवळचा पेट्रोलचा पाईप सोडवला. खाली हात धरला. हात कोरडा राहिला.

ते उठले. आत गेले, सीटखाली वाकले. नळ आडवा होता, पहिल्या टाकीवर. अण्णांनी मीटरकडे पाहिलं. एफ. स्विचकडे पाहिलं. मूठ खाली होती, दुसऱ्या टाकीवर. त्यांनी ती वर केली. खट्. आणि काटा असा खाली पडला की मला वाटलं आवाज होईल.

“मैं एक नंबर पिला रहा था,” कन्हैयालालजी म्हणाले. “आप बोलोगे खाली, तब टोंटी घुमाऊँगा, ऐसा तय था अपना.”

“हो,” अण्णा म्हणाले.

“तो आप एक नंबर देख ही नी रिये थे?”

अण्णा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. रुमालानं मान पुसली. त्यांनी उत्तर दिलं ते कन्हैयालालजींना नाही, मला, मराठीत. “निघताना पहिलीवरच होता रे स्विच. महूपासून काटा उतरायला लागला. उतरता काटा बघवत नाही मला. म्हणून स्विच खाली केला.”

कन्हैयालालजींना मराठी समजायचं. त्यांनी नळ उभा केला, पाईप जोडला, आणि गाडी तत्काळ सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं. आम्ही लग्नात पोचलो तेव्हा मंगलाष्टकं, म्हणजे त्यांच्यातले फेरे, होऊन गेले होते. जीजाजींनी मला मात्र आग्रहानं जेवायला वाढलं. अण्णांनी नुसतं ताक घेतलं.

घरी आल्यावर ही गोष्ट मीच आईला सांगितली, आणि रंगवून सांगितली. पोत्यांवरचा नवरदेव आला तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली, अण्णासुद्धा हसले. हसू ओसरल्यावर आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “पण मला एक कळत नाही. इंजिनाला जे मिळतच नव्हतं, ते काटा दाखवत कशाला होता?”

मी फ्लोट आणि तारांचं सांगायला लागलो. अण्णांनी हातानं मला थांबवलं. आईनं प्रश्न गाडीचाच विचारला होता. निदान नंतर ती नेहमी तसंच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा डबा घेऊन गेटावर गेले नाहीत. कन्हैयालालजींना बोलावून त्यांनी एक लोखंडी दांडा कापला, आणि सीटखालचा नळ आणि समोरचा स्विच त्या दांड्यानं जोडून टाकले. एकाला हात लावला की दुसरा आपोआप फिरेल. इंजिन जी टाकी पिईल, तीच काटा दाखवील. दोन खात्यांच्या मधली भिंत त्या दिवशी पडली. दोघांनी आळीपाळीनं दांडा फिरवून पाहिला, बरेच वेळा. मग अण्णांनी साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत, नखांतलं काळं निघेस्तोवर, आणि आतल्या खोलीकडे बघून, सहज विचारावं तसं विचारलं, “सांवेर रोडला जायला टेम्पो कुठून मिळतो?”

आई उठली. तिनं डबा भरायला घेतला. झाकण लावायच्या आधी तिनं तो एकदा पेरानं ठोकलेला मला ऐकू आला.

कारखान्यातल्या त्या मुलानं जागा अजून भरली नव्हती. तो अण्णांना ‘अंकल’ म्हणायचा. अण्णांना ते आधी फार लागलं, मग सवय झाली, मग त्याच्या लग्नात अण्णा पगडी बांधून मिरवले. मिल उघडली नाही. तिच्या चिमण्या बरीच वर्षं उभ्या होत्या. आता तिकडून जाताना चिमणी कुठे होती हे मला नक्की सांगता येत नाही, आणि त्याचं वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाही, हेच जास्त वाईट वाटतं. गाडी कन्हैयालालजींनी तिच्या अंतापर्यंत चालवली. ती भंगारात गेली तेव्हा एका पिशवीत मीटर, स्विच आणि दोन फ्लोट घेऊन ते आमच्या दारात आले. “अण्णाजी, बिजली खाते का सामान.”

तेच सामान अण्णांनी निवृत्तीनंतर बांधलेल्या या घरात पाण्याच्या टाक्यांना लावलं. फ्लोट चिंचेनं, राखेनं, सोड्यानं घासून घासून चकचकीत केले, तरी आई बरेच दिवस प्यायच्या पाण्याचा वास घ्यायची आणि म्हणायची, “आज निमाडात जाऊन येते मी, टाकी भरलीय.” शैला नवी लग्न होऊन आली तेव्हा अण्णांनी तिला देवघराच्या आधी हा काटा दाखवला. आई गेल्यावर, गुडघे आणि छाती दोन्ही कुरकुरायला लागल्यावर, डॉक्टरांनी जिने-शिड्या बंद केल्यावर, अण्णांची सकाळ स्वयंपाकघरातल्या खुर्चीत जायची. चहाचा कप, समोर काटा. मधूनच म्हणायचे, “शैला, नर्मदा फुल है.” ती म्हणायची, “हो अण्णा.” त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात सगळ्या कॉलनीत टँकर फिरत होते आणि आमच्याकडे नर्मदा फुल होती. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला काटा दाखवायचे. मीसुद्धा दाखवायचो. अजूनही दाखवतो. नर्मदामाईची आमच्या घरावर विशेष कृपा आहे असं मी चारचौघांत म्हणत आलो आहे.

तर त्या बुधवारी खजरान्याहून रिक्षानं घरी आलो. घाम पुसत मी स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यायलो, आणि भिंतीवरच्या काट्याकडे बोट दाखवून शैलाला म्हणालो, “या नव्या गाड्यांचं काही खरं नाही. दिवे एक सांगतात, काटा दुसरंच. हे बघ अण्णांचं काम. एवढी वर्षं झाली, एक दिवस खोटं बोलला नाही.”

शैलानं लाडवांचा पुडा ओट्यावर ठेवला. स्विचची मूठ वर केली. काटा एफवर गेला. मग ती म्हणाली, “नर्मदेची टाकी आत्ता अर्ध्याच्या खाली आहे. सकाळीच ठोकून आलेय.”

मी काट्याकडे बघितलं. एफ.

“अडकलाय तो,” ती म्हणाली. “अण्णा होते तेव्हापासून. टाकीतल्या फ्लोटचा दांडा गंजून वरच बसलाय. एकदा पाणी अचानक संपलं तेव्हा मला कळलं. तेव्हापासून रोज वर जाऊन टाकी ठोकते. कमी वाटली की मोटर लावायची, नळाला नसलं तर टँकरवाल्याला मागच्या दारानं बोलवायचं.”

“आणि तू सांगितलं नाहीस? अण्णांना?”

“अण्णांना सांगितलं असतं तर ते शिडी चढले असते. आणि सासूबाई मला केव्हाच सांगून गेल्या होत्या, अण्णांना उतरता काटा बघवत नाही म्हणून.”

“मग मला तरी सांगायचंस.”

“तुम्ही काय केलं असतंत? अण्णांना विचारायला गेला असता, काटा कसा दुरुस्त करायचा म्हणून. आणि ते गेल्यावर तुम्हीच चारचौघांत नर्मदामाईची कृपा सांगत होतात.” तिनं पुड्यातला एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. “काटा अण्णांच्या खात्यात होता, पाणी माझ्या. चाललं ना नीट? आता लाडू खा आणि जाऊन पेट्रोल आणा. ते तुमचं खातं.”